फळी पेटते, मासा कच्चा राहतो: लाकडी फळीवरचा सामन कुठे फसतो ते असं शोधा

भिजवलेल्या लाकडी फळीवर सामन मासा ठेवायचा आणि झाकणाच्या ग्रिलमध्ये शिजवायचा, असा हा प्रकार. पहिली फळी जळाली तेव्हा मी दोष लाकडाला दिला. दुसरी जळाली तेव्हा पाण्याला, म्हटलं नीट भिजली नसेल. तिसरी मी रात्रभर भिजत ठेवली. तीही दहाव्या मिनिटाला पेटली, आणि वरचा मासा मधोमध बोट लावून बघितला तर गार आणि लिबलिबीत. त्यानंतर हा बिघाड मी स्वतःच्या आणि मित्रमंडळींच्या ग्रिलवर इतक्यांदा निस्तरलाय की आता फोनवर कुणी "फळी जळाली" म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "फळीच्या बरोबर खाली काय चालू होतं?"

समोरून क्षणभर शांतता. मग, "बर्नर. का, चालू नको होता?"

पण सगळ्याच तक्रारींचं मूळ तिथे नसतं, म्हणून आधी लक्षणं बघा. तुमचं कुठलं ते ओळखलं तर निम्मी तपासणी वाचेल.

लक्षणं

- फळीच्या कडा पाच-दहा मिनिटांत पेटतात. झाकण उघडलं की भडका आणखी वाढतो.
- फळी खालून कोळसा झालेली, पण माशाचा जाड भाग आतून कच्चा.
- मासा शिजला, पण कोरडा आणि भुसभुशीत. वर दह्याच्या कवडीसारखे पांढरे गोळे आलेले.
- चव कडवट, राखेची. खाल्ल्यावर जिभेवर डांबरासारखा थर राहतो.
- याच्या उलट: मासा छान, पण लाकडाचा मागमूस नाही. ही तक्रार बहुधा ओव्हनवाल्यांची.
- फळी होडीसारखी वाकते, मासा एका बाजूला घसरतो, तेल खाली सांडून आग.
- कातडी फळीला घट्ट चिकटते.

शेवटचं लक्षण यादीतून आत्ताच काढून टाका. तो बिघाड नाहीच. फळीवर कातडी कुरकुरीत होत नाही, चिकटतेच. कातडी आणि मांस यांच्यामध्ये पातळ उलथणं सरकवा, मांस अलगद सुटतं आणि कातडी फळीवर राहते. कुरकुरीत कातडी हवी असेल तर तवा वापरा. फळीकडून ती अपेक्षा करू नका.

तपासण्याआधी एवढं ध्यानात घ्या

लाकूड उष्णता पुढे जाऊ देत नाही. लोखंडी कढईला लाकडी मूठ लावतात ती याचसाठी. म्हणजे फळीवर ठेवलेल्या माशाला खालून शेक जवळजवळ मिळतच नाही. तो शिजतो वरून आणि बाजूंनी, झाकणाखाली कोंडलेल्या गरम हवेनं. फळीचं काम दोनच: माशाला आगीपासून आडोसा द्यायचा, आणि स्वतः हळूहळू धुमसत वास द्यायचा.

हे कळलं नाही की माणूस तव्याच्या सवयीनं वागतो. शिजत नाही म्हणून खालची आच वाढवतो. वाढलेली आच माशापर्यंत पोचत नाही, फळीलाच खाते. वर दिलेली पहिली दोन लक्षणं एकाच वेळी दिसतात ती यामुळे.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी सामन काठ्यांच्या चिमट्यात ताणून बसवतात आणि त्या काठ्या आगीच्या कडेनं जमिनीत रोवतात. आगीशेजारी, आगीवर नाही. झाकणाच्या ग्रिलवर आपल्याला साधायचं आहे ते हेच.

१. झाकण किती वेळा उघडता?

ही तपासणी फुकट आहे, म्हणून पहिली. पुढच्या वेळी फळी ठेवल्यावर घड्याळ लावा आणि पहिली दहा मिनिटं झाकणाला हात लावू नका.

झाकण उघडलं की दोन गोष्टी एकदम होतात. मासा ज्या गरम हवेवर शिजतोय ती निघून जाते आणि पुन्हा साठायला काही मिनिटं लागतात. आणि धुमसणाऱ्या कडांना ताजी हवा मिळून त्या पेट घेतात. मग माणूस घाबरून पाणी मारतो, पुन्हा उघडून बघतो, पुन्हा पाणी मारतो. एका मित्राकडे मी मोजलं होतं, पंधरा मिनिटांत त्यानं नऊ वेळा झाकण उघडलं. मासा पंचविसाव्या मिनिटालाही कच्चाच होता आणि गडी मासेवाल्यावर चिडला होता.

झाकणाच्या फटीतून पातळ, निळसर धूर येत असेल तर सगळं ठीक चाललंय. दाट, पिवळट-पांढरा धूर लोटायला लागला तर मात्र दहा मिनिटांचा नियम मोडा आणि बघा. तो धूर पेटण्याच्या बेतात असलेल्या फळीचा असतो, आणि कडवट चवही त्यातूनच येते. अर्धवट जळालेल्या लाकडाचे चिकट अंश धुरासोबत वर येऊन माशाच्या ओलसर पृष्ठभागावर बसतात. ते धुऊन जात नाहीत, लिंबू पिळून झाकतही नाहीत.

२. आच कुठे आहे?

दहापैकी सात-आठ वेळा मला बिघाड इथेच सापडतो, म्हणून इथे जरा थांबू.

गॅसचं ग्रिल असेल तर सगळे बर्नर लावून झाकण बंद करून ते तापवा. मग ज्या बाजूला फळी ठेवायची तिथला बर्नर बंद करा किंवा अगदी बारीक ठेवा, बाजूचे मध्यम ठेवा. कोळशाचं असेल तर निखारे एका बाजूला ओढा आणि फळी दुसऱ्या बाजूला. झाकणाखालची हवा १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असली पाहिजे.

हा आकडा का, तेही सांगतो. लाकडात पाणी आहे तोवर त्या जागेचं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपलं की लाकूड झपाट्यानं तापतं. दोनशेच्या पुढे ते विघटित होऊन धूर सोडायला लागतं, आणि साधारण २५० ते ३०० अंशांच्या टप्प्यात ठिणगी किंवा ज्योत मिळाली की पेटतं. हवा १८०-२०० वर आणि खाली ज्योत नाही, अशी मांडणी असेल तर फळी धुमसण्याच्या उंबरठ्यावर रेंगाळते. खाली ज्योत असेल तर हवेचं तापमान काहीही असो, फळीच्या बुडाला ज्योत थेट चाटत असते.

"पण मग वास कसा येणार?" हा प्रश्न येतोच. त्यासाठी सुरुवातीची तीन-चार मिनिटं रिकामी फळी थेट आचेवर ठेवा. तडतड आवाज आला आणि वास सुटला की ती उलटी करा, म्हणजे शेकलेली बाजू वर येईल. तिच्यावर मासा ठेवा आणि फळी आडोशाच्या बाजूला सरकवा. लाकडाचा वास माशाला लागतो तो मुख्यतः या शेकलेल्या, टेकलेल्या पृष्ठभागातून. खालून फळी जाळून वास वाढत नाही, कडवटपणा वाढतो.

याच उलटवण्यानं फळी वाकायचीही थांबते. एक बाजू सुकली आणि दुसरी ओली राहिली की सुकलेली बाजू आकसते आणि फळी तिकडे वळते. दोन्ही बाजू आळीपाळीनं शेकल्या की ओढ समान होते. एवढं करूनही वाकलीच तर फुगवटा खाली, आचेकडे येईल अशी ठेवून मिनिटभर शेकवा, मासा ठेवण्याआधी बरीचशी सरळ होते.

झाकणावरच्या काट्यावर फार विसंबू नका. तो झाकणाच्या घुमटातलं तापमान सांगतो, आणि फळी असते जाळीच्या पातळीवर. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर जाळीवर फळीशेजारी ठेवून एकदा ताडून बघा. दोन आकड्यांतला फरक बघून तुमच्या बऱ्याच जुन्या फजित्यांचा उलगडा होईल.

३. फळी खरंच भिजली का?

किमान एक तास, जमल्यास दोन ते चार. हे सगळेच सांगतात. सांगत नाहीत ते हे की लाकूड तरंगतं. बादलीत टाकलेली फळी पाण्यावर आडवी पडते, खालची बाजू ओली आणि वरची कोरडी. वर वजन ठेवा, पाण्यानं भरलेला डबाही चालतो. फळी पूर्ण बुडली पाहिजे. घाई असेल तर कढत पाणी वापरा, ते लवकर मुरतं.

आता भिजवण्याची मर्यादा. एकदा मी चार तास भिजवलेली फळी मुद्दाम करवतीनं मधोमध कापून पाहिली. कापलेल्या तोंडावर काठाकाठानं गडद ओलसर पट्टा होता, आगकाडीएवढा जाड. आत सगळं फिकट, कोरडं खडखडीत. फक्त दोन टोकांना, जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या पडतात तिथे, ओल बरीच आत गेली होती. म्हणजे भिजवून फळी काही अग्निरोधक होत नाही. कडांना वेळ मिळतो, इतकंच. बर्नर थेट खाली असेल तर तेवढी ओल काही मिनिटांत उडून जाते. माझी रात्रभर भिजलेली फळी का पेटली, ते मला त्या दिवशी कळलं.

पाण्यात सफरचंदाचा रस किंवा वाइन घालण्याबद्दल विचारतात. घाला हवं तर. आगकाडीएवढ्या पट्ट्यात मुरलेल्या रसाचा स्वाद माशात ओळखून दाखवणारा अजून मला भेटलेला नाही.

४. मासा फळीवर कसा ठेवलाय?

मोकळी फळी आधी जळते. माशाखालच्या लाकडाला माशाचा ओलावा मिळत राहतो, उघड्या कडांना तो मिळत नाही. फळी माशापेक्षा चहूबाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर मोठी असली की पुरे. दोन छोट्या तुकड्यांसाठी हातभर फळी वापरलीत तर उरलेलं सगळं सरपण समजा. उलट मासा फळीबाहेर लोंबत असेल तर चरबी थेट आगीत ठिबकते आणि खालून भडका उठतो.

शेपटीकडचा पातळ भाग स्वतःखाली दुमडून घ्या, नाहीतर जाड भाग शिजेपर्यंत त्याचा पापड होतो. फ्रीजमधून काढलेला मासा टिपून कोरडा करा. ओल्या पृष्ठभागावर धुराचे चिकट अंश जास्त बसतात, आणि ते पाणी उडेपर्यंत शिजणंही रेंगाळतं.

मध, गूळ, मेपल सिरप असं गोड काही लावायचं असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत. सुरुवातीलाच लावलं तर ते ओघळून फळीवर पडतं आणि लाकडाच्या आधी तेच करपतं. "फळी कडू लागते" म्हणून आलेल्या दोन तक्रारींत फळी निर्दोष होती, जळलेली साखर होती.

५. थर्मामीटर आहे का, आणि तो खरं बोलतो का?

इथून पुढे थोडा खर्च आहे. पण फळीवरच्या सामनसाठी काही एकच विकत घ्यायचं असेल तर टोचून बघायचा थर्मामीटर घ्या. वेळेवर भरवसा ठेवता येत नाही. अडीच सेंटिमीटर जाडीची तुकडी बारा मिनिटांतही होते आणि वीस मिनिटांतही. फळीची जाडी, वारा, माशाचं सुरुवातीचं तापमान, सगळ्याचा फरक पडतो.

सर्वांत जाड भागात आडवा टोचा. टोक फळीला लागता कामा नये. अमेरिकेच्या कृषी विभागाची माशासाठीची सुरक्षित मर्यादा ६३ अंश सेल्सिअस आहे. घरात गर्भवती, लहान मुलं, वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर यात तडजोड नको. बरेच स्वयंपाकी सामन ५० ते ५२ अंशांवरच उतरवतात, मांस रसदार राहतं म्हणून. तो ज्याचा त्याचा निर्णय, पण जाणूनबुजून घ्या, "दिसायला झालाय" म्हणून नको. उतरवल्यावरही आतलं तापमान दोन-तीन अंश चढतं, कारण फळी गरम असते आणि मासा तिच्यावरच असतो. तेवढं आधी उतरवा.

सामन-सामनमध्येही फरक आहे. पाळीव अटलांटिक सामन चरबीदार असतो, दोन-चार मिनिटं जास्त झाली तरी सांभाळून घेतो. समुद्रातला सॉकाय बारीक, गडद लाल आणि कमी चरबीचा. तो त्याच आचेवर लवकर शिजतो आणि लवकर कोरडा पडतो. अटलांटिकच्या सवयीनं सॉकाय केला की "या वेळी काय बिघडलं कळेना" असा फोन येतो. बिघडलेलं काही नसतं, मासा बदललेला असतो.

ते पांढरे गोळे म्हणजे अल्ब्युमिन, माशातलंच प्रथिन. स्नायू आकसले की ते पिळून बाहेर येतं आणि गोठतं. थोडं आलं तर चालायचंच, निरुपद्रवी असतं. भरपूर आलं तर आच तेज होती किंवा वेळ जास्त झाला. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून मासा त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग टिपून घ्या. गोळे बरेच कमी होतात. वरून वेगळं मीठ मात्र मग हात राखून.

थर्मामीटरची परीक्षा सोपी आहे. पेलाभर बर्फात बर्फ बुडेल इतकंच पाणी घाला, ढवळा, टोक मधोमध धरा. शून्य दाखवलं पाहिजे. दोन-तीन अंश जास्त दाखवत असेल तर तेवढे वजा करून वाचा, कमी दाखवत असेल तर मिळवून. आकडा उड्या मारत असेल तर बॅटरी बदला, तरीही मारला तर टाकून द्या.

६. लाकूड कुठलं आहे?

आता फळी बदलायचा विचार करा. आधी नाही, कारण नवी फळी त्याच बर्नरवर तशीच जळते.

या कामाचं नेहमीचं लाकूड म्हणजे वेस्टर्न रेड सीडर. मराठीत कुणी त्याला देवदार म्हणतं, तिथे गोंधळ होतो. देवदार हा सीडरच्या खऱ्या कुळातला, सेड्रस. रेड सीडर म्हणजे थुजा प्लिकाटा, वेगळ्याच कुळातलं झाड, नावापुरतं सीडर. देवदाराची तेलकट, राळयुक्त फळी त्याच्या जागी चालत नाही. कपड्यांच्या कपाटासाठी विकतात तो ईस्टर्न रेड सीडर तर जुनिपर आहे, तोही नको. अल्डर, मेपल, ओक, चेरी, सफरचंद या झाडांच्या फळ्या चालतात. अल्डर सौम्य, सीडर उग्र. पाईन, स्प्रूस, फर टाळा, त्यांच्यातली राळ भडकते आणि काजळीचा धूर देते.

आणि सुताराकडचा तुकडा, जुन्या कुंपणाची पट्टी, प्लायवूड, रंग-पॉलिश लागलेलं काहीही अजिबात नको. कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या लाकडात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक असू शकतं. अमेरिकेत घरगुती वापरासाठी असं लाकूड बनवणं २००३ च्या अखेरीस थांबलं, पण त्याआधीची लाकडं अजून अंगणांत उभी आहेत. प्लायवूडमध्ये गोंद असतो. अशा धुरात शिजलेला मासा चाखूनही बघू नका. लाकूड कुठलं याची खात्री नसेल तर ते लाकूड नाहीच असं धरून चाला.

जाडी एक ते दोन सेंटिमीटर. त्याहून पातळ फळ्या स्वस्त पडतात आणि एका वेळेत संपतात. वरचा पृष्ठभाग शाबूत असेल तर जाड फळी दोन-तीनदा वापरता येते. साबण लावू नका, लाकूड तो पितं आणि पुढच्या माशाला देतं. गरम पाणी आणि ताठ ब्रश, मग उभी ठेवून पूर्ण वाळवा. रंधा किंवा सँडपेपर मारायचा झाला तर बाहेर आणि तोंडाला मास्क लावून, रेड सीडरचा भुसा श्वासाला त्रास देतो. बुरशी, आंबूस वास किंवा आरपार भेग दिसली की ती फळी गेली.

ओव्हनवाल्यांसाठी

घरातल्या ओव्हनमध्ये धूर हवाय ही अपेक्षा सोडा. तिथे ज्योत नाही, १९० अंशांवर फळी फारशी धुमसतही नाही, आणि धुमसली तर स्वयंपाकघर भरेल. मिळतो तो गरम लाकडाचा मंद वास. तो वाढवायचा तर भिजलेली फळी आधी दहा-पंधरा मिनिटं रिकामी तापवा आणि मग मासा ठेवा. खाली ट्रे हवाच, ठिबकलेलं तेल ओव्हनच्या तळाशी जळतं. वरची ग्रिलची कॉइल फळी आत असताना लावू नका, कोरड्या कडा तिच्या इतक्या जवळ असतात की पेटायला वेळ लागत नाही.

कोळशाचं ग्रिल "पाऊस आहे म्हणून" गॅलरीत किंवा गॅरेजमध्ये ओढणाऱ्यांसाठी एकच वाक्य: निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला ना रंग ना वास, आणि त्यानं माणसं मरतात.

७. ग्रिलच बिघडलंय का?

इथवर सगळं बरोबर असूनही फळी एकाच कोपऱ्यात पेटत असेल तर जाळीवर पांढऱ्या पावाचे तुकडे ओळीनं मांडा, मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं ठेवा आणि उलटून बघा. जिथला पाव काळा, तिथे आच जास्त. हा नकाशा फोटो काढून ठेवण्यासारखा असतो.

मग थंड ग्रिलची तेलाची तबकडी आणि तळ खरवडून साफ करा. महिन्यांची साचलेली चरबी पेटली की फळी निमित्तमात्र ठरते. बर्नरची छिद्रं तारेच्या ब्रशनं मोकळी करा. ज्योत निळी हवी, टोकाला जराशी पिवळी चालते. सगळीच पिवळी आणि काजळी धरत असेल तर हवा पुरेशी मिसळत नाहीये. बर्नरच्या तोंडाशी जी हवेची नळी असते तिच्यात कोळी जाळी करतात. विनोद नाही, नेहमीचा प्रकार आहे.

ग्रिल तापतच नसेल, सगळ्या ज्योती मरगळलेल्या असतील, तर काही रेग्युलेटरमध्ये सिलिंडर झटक्यात उघडल्यावर गॅस आपोआप रोखला जातो. सगळं बंद करा, मिनिटभर थांबा, सिलिंडरची चावी हळूहळू उघडा, मग झाकण उघडं ठेवून बर्नर लावा. जमलं तर ठीक.

शेवटची तपासणी साबणाच्या पाण्याची. बर्नर बंद, सिलिंडर उघडा, सांध्यांवर आणि नळीवर फेस लावा. बुडबुडे फुगत असतील तर गळती आहे. काडी पेटवून तपासणारे महाभाग मी पाहिलेत, तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

इथे थांबा, माणूस बोलवा

बुडबुडे दिसले तर चावी बंद करा. सांधा एकदा नीट आवळून पुन्हा फेस लावा, तरीही आले तर तंत्रज्ञ. नळीला चिरा, कडकपणा किंवा वितळल्याची खूण असेल तर टेप गुंडाळू नका. रेग्युलेटर उघडून बघू नका. साफ करूनही ज्योत पिवळीच राहिली, बर्नरला भोक किंवा तडा दिसला, ज्योत मागे नळीत शिरून फुस्स आवाज झाला, तर ते ग्रिल दुरुस्तीशिवाय पुन्हा लावायचं नाही. ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवून दोन-तीन वेळा बघा, लावलेल्या तापमानापेक्षा सातत्यानं पंचवीस-तीस अंशांचा फरक असेल तर थर्मोस्टॅट किंवा सेन्सर गेलाय. तेही घरी उघडायचं काम नाही.

घरात गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका, चालू असेल ते चालू, बंद ते बंद. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. दारं-खिडक्या उघडून बाहेर पडा आणि बाहेरून फोन करा.

आगीचं असं: फळीच्या कडेला ज्योत असेल तर पाण्याचा बारीक फवारा पुरतो. तबकडीतली चरबी पेटली असेल तर पाणी बिलकुल नाही, उकळत्या तेलावर पाणी पडलं की ते उसळून आगीचा लोळ उठतो. बर्नर बंद, झाकण बंद, हाताशी येत असेल तर सिलिंडरही बंद. छोट्या आगीवर खायचा सोडा मूठभर टाका. मिनिटभरात दबली नाही किंवा ग्रिलबाहेर आली तर अग्निशमन दल. मासा गेला तर गेला.

उतरवलेली फळी लाकडी टेबलावर ठेवू नका, धातूच्या ट्रेवर ठेवा. विझली वाटली तरी कडेच्या आत ठिणगी असते. मासा काढून घेतल्यावर ती बादलीत बुडवा, ज्या बादलीत सकाळी भिजवली होती त्याच. चुर्र आवाज आला तर ती अजून जळतच होती.

आणि ग्रिल दुरुस्तीला गेलंय, मासा मात्र आजच आणलाय, अशी वेळ आली तर तवा तापवा, तेलाचा हात फिरवा, तुकडी कातडी खाली करून ठेवा आणि पहिलं मिनिटभर उलथण्यानं दाबून धरा. फळी माळ्यावर कोरडी पडून राहिली तरी तिचं काही बिघडत नाही.